हिवाळ्याची सुट्टी आणि आपल्या शेजारची जत्रा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो तोच घराघरांत पुढच्या सुट्टीचं बोलणं सुरू होतं. नाताळात कुठे जायचं, की संक्रांतीला जोडून चार दिवस काढायचे? मुलं मोबाइल पुढे करतात. त्यावर जपानातले बर्फाचे राजवाडे असतात, नाहीतर जर्मनीतले दिव्यांनी लखलखणारे नाताळबाजार. आई तिकिटांचे भाव बघते, बाबा रजा मोजतात आणि आजी विचारते, "तिथं जेवायला काय मिळेल?" मंडळातल्या बऱ्याच घरांचं हेच चित्र असेल.

जगातले हिवाळी उत्सव खरोखर बघण्यासारखे आहेत. त्यांपैकी तीन-चार आधी सांगतो. मग आमच्या बाजारहत्नूरपासून एक-सव्वा तासावर भरणाऱ्या एका जत्रेकडे तुम्हाला नेतो. ती जत्रा त्या यादीत का बसते, आणि आपल्या मराठी घरांसाठी यादीच्या वरच्या टोकाला का हवी, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

दूरदेशीचा हिवाळा

जपानमधल्या साप्पोरो शहरात फेब्रुवारीच्या सुरुवातीला हिमोत्सव भरतो. आज लाखो लोक तो पाहायला जातात, पण सुरुवात अगदी साधी होती. 1950 साली तिथल्या शाळेतल्या मुलांनी ओदोरी बागेत बर्फाच्या सहा मूर्ती केल्या आणि त्या बघायला गाव लोटला. कॅनडातल्या क्वेबेक शहराच्या हिवाळी उत्सवात बॉनोम नावाचा पांढराशुभ्र हिममानव यजमान असतो, आणि गोठलेल्या सेंट लॉरेन्स नदीतल्या हिमखंडांमधून होड्यांची शर्यत होते. आपल्या देशात नागालँडमध्ये कोहिमाजवळच्या किसामा इथे दरवर्षी 1 ते 10 डिसेंबर हॉर्नबिल महोत्सव होतो. तिथल्या वेगवेगळ्या जमाती आपापली नृत्यं, घरं, स्वयंपाक घेऊन एका डोंगरावर जमतात. हा उत्सव 2000 साली सुरू झाला.

मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो तो स्वीडनच्या उत्तर टोकाचा योकमोकचा बाजार. हे छोटंसं गाव उत्तर ध्रुववृत्ताला लागून आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी तिथे सामी लोकांचा बाजार सुरू होतो आणि शनिवारपर्यंत चालतो. सामी म्हणजे रेनडिअर पाळणारे तिथले आदिवासी. पारा कधी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरलेला असतो, तरी लोक कातडी कपडे, चाकू, चांदीचे दागिने आणि सुकवलेलं मांस घेऊन बसलेले असतात. हा बाजार 1605 पासून भरतो आहे. स्वीडनच्या राजाला कर गोळा करायला लोक एका जागी हवे होते म्हणून त्याने तो भरवायला लावला. राजा गेला, कर गेला, बाजार राहिला. सामी लोकांनी तो आपला करून घेतला. सग्यासोयऱ्यांच्या भेटी, सोयरिकी, वर्षभराच्या गप्पा, सगळं त्या तीन दिवसांत.

या सगळ्या उत्सवांत एक गोष्ट सारखी दिसते. हिवाळ्यात शेतातलं किंवा रानातलं काम थोडं थांबतं, माणसांना एकमेकांकडे जायला सवड मिळते आणि एकत्र येण्याचं निमित्त तयार होतं. साप्पोरोत ते निमित्त बर्फाने दिलं, योकमोकमध्ये बाजाराने. आमच्याकडे ते पौष अमावास्येने दिलं आहे.

आमच्याकडचा पौष

बाजारहत्नूर हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या गुडिहत्नूर किंवा इचोड्यावरून आत वळलं की इथे पोचता येतं. 'तेलंगणात मराठी माणसं कशी?' हा प्रश्न पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे, आम्ही कुठून आलोच नाही. हद्द इकडून तिकडे गेली. 1956 साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि नांदेडकडचं मुधोळ आदिलाबादला मिळालं. आमचा बोथ तालुका जागेवर राहिला. त्यामुळे आमच्या गल्लीत संक्रांतीला एका दारापुढे रांगोळी असते, शेजारच्या दारापुढे मुग्गू, आणि तिळगूळ दोन्ही घरांत जातो. मुलं शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकतात, घरी मराठी बोलतात आणि बाजारात हिंदीवर भागवतात. पण या सगळ्याच्या आधीपासून इथे आणखी एक भाषा आहे, गोंडी. तिच्याकडे आमचंही लक्ष कमीच गेलेलं असतं.

आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सर्वांत कडक. बर्फ अर्थातच नाही, पण पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो. पहाटे कापसाच्या शेतांवर धुकं बसलेलं असतं आणि चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. आपल्या मराठी घरांत पौष म्हणजे भाकड महिना. लग्न नाही, मुंज नाही, नवं काही ठरवायचं नाही. गोंड घरांत मात्र हाच महिना वर्षातला सर्वांत पवित्र. पीक हाताशी आलेलं असतं, देवांना भेटायची वेळ झालेली असते.

म्हणून या महिनाभरात आमच्या जिल्ह्यांत जत्रांची रांगच लागते. नारनूरला पौष पौर्णिमेच्या सुमारास तोडसम कुळाच्या खामदेवाची जत्रा असते. तिथे कुळाची एक लेक देवापुढे दोन-अडीच किलो तिळाचं तेल पिते. घरादाराला सुख लाभावं म्हणून हे व्रत ती सलग तीन वर्षं करते. केरामेरी मंडलातल्या महाराजगुड्याजवळच्या डोंगरात जंगुबाईची गुहा आहे. ती बरोबर महाराष्ट्राच्या हद्दीवर असल्यामुळे चंद्रपूरकडूनही गोंड कुटुंबं तिथे येतात. देवीला भेटायला निघालेल्या माणसाला राज्य कुठे संपतं ते बघायची गरज पडत नाही. आणि पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. आज सांगायचं आहे ते तिच्याबद्दल.

पाण्यासाठी चालत जाणारं कूळ

नागोबा हा मेश्राम कुळाचा देव. मेश्राम आडनाव विदर्भातल्या वाचकांच्या चांगलंच ओळखीचं असेल. गोंड समाजात कुळांचे चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे मोठे गट असतात. त्यांना सगा म्हणतात. एकाच सगातल्या कुळांमध्ये लग्नं होत नाहीत. आपल्याकडच्या गोत्रासारखं समजा, फक्त हे रोजच्या जगण्यात जास्त पाळलं जातं. गावोगावचे मेश्राम या जत्रेला एकत्र येतात. तेलंगणातले, महाराष्ट्रातले, त्याहून लांबचेही.

जत्रा दिसायला अमावास्येला सुरू होते, पण तिची तयारी महिनाभर आधीपासून चालते. कुळातली जाणती माणसं केस्लापूरला बसून सगळं ठरवतात. पूजेसाठी लागणारी मातीची मडकी सिरीकोंड्याच्या एका कुंभार घराण्याकडे सांगितली जातात. पिढ्यान् पिढ्या तेच घराणं ती घडवत आलं आहे. देव गोंडांचा, मडकी कुंभाराची, आणि त्या मडक्यांवाचून पूजा अडते. गावगाडा म्हणजे काय हे मुलांना पुस्तकातून समजावण्यापेक्षा इथे दाखवणं सोपं जातं.

मग मेश्राम पाणी आणायला निघतात. पांढरी धोतरं, पांढरी पागोटी, पाय अनवाणी. पितळेची झारी घेऊन ते जन्नारमकडच्या कलमडुगू गावाजवळच्या हस्तिनमडुगू या गोदावरीतल्या डोहापर्यंत चालत जातात आणि पाणी भरून चालतच परततात. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरहून जास्त पायपीट होते. वाटेत ठरलेल्या गावांत मुक्काम असतो. झारी जमिनीवर टेकवायची नाही असा दंडक असल्यामुळे ती झाडाला टांगतात. परतल्यावर इंद्रवेल्लीला इंद्रादेवीचं दर्शन घेऊन ते केस्लापूरला वडाच्या झाडांखाली उतरतात. वर्षभरात कुळातली जी माणसं गेली, त्यांच्यासाठीचे विधी तिथेच होतात. आधी गेलेल्यांची आठवण, मग देवाची पूजा, हा क्रम मला फार आवडतो.

अमावास्येच्या रात्री महापूजा होते. डोहातून आणलेल्या गोदावरीच्या पाण्याने नागोबाला अभिषेक होतो आणि त्यानंतर जत्रा सगळ्यांसाठी खुली होते.

त्याच रात्री या जत्रेतला सर्वांत हळवा भाग येतो. त्याला भेटी म्हणतात. वर्षभरात मेश्राम घरांत लग्न होऊन आलेल्या सुनांना देवाच्या भेटीला आणलं जातं. सगळ्या जणी पांढऱ्या लुगड्यांत, डोक्यावरून पदर घेतलेल्या. वडीलधाऱ्या बायका त्यांना हाताला धरून देवळात नेतात. ही भेट होईपर्यंत सून कुळाची झालेली नसते. भेट झाली की ती मेश्राम झाली. कुळाच्या लेकी आणि सुना मिळून विहिरीचं पाणी नव्या मडक्यांत आणतात आणि त्या पाण्याने माती कालवून वारुळं बांधतात. माहेरवाशीण आणि सासुरवाशीण दोघींचे हात एकाच मातीत असतात. ज्या पौषात आपण लग्नाचं नावही काढत नाही, त्याच पौषात इथे सुनेला घर मिळतं.

देवळाजवळ दगडी भिंतीचं एक गोल आवार आहे, त्याला गोवाड म्हणतात. मेश्राम कुटुंबांचा स्वयंपाक तिथेच होतो, आणि तोही फक्त 22 चुलींवर. कुळातल्या 22 गटांच्या या 22 चुली. माणसं कितीही आली तरी चुली वाढत नाहीत, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेसाठी धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही शिस्त मुद्दाम जाऊन बघावी.

आज तिथे दिसतं ते कोरीव दगडी देऊळ नवं आहे. मेश्राम कुळाने आपसात वर्गणी काढून ते बांधलं आणि डिसेंबर 2022 मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. शेतकरी, मजूर, नोकरदार, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला.

या जत्रेत मराठी कुठे आहे?

जत्रेला एकदा भावाची मुलं पुण्याहून आली होती. धाकटा दहा वर्षांचा, प्रश्नांचा कारखाना. वडाखाली एक वृद्ध गृहस्थ तीन तारांचं वाद्य गजाने वाजवत बसले होते. ती किकरी. हा जाऊन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "आजोबा, हे व्हायोलिन आहे का?" आजोबा हसले आणि मराठीतच म्हणाले, "किकरी म्हणतात याला बाळा. ये, बस." आमच्या पुणेकराचे डोळे मोठे झाले. "तुम्हाला मराठी येतं?" त्यावर आजोबा म्हणाले, "येतं काय रे, आमच्या घरची बोलीच हाय ती."

ते आजोबा परधान होते. परधान हे गोंडांचे कथेकरी आणि कुळांची वंशावळ जपणारे. प्रत्येक परधान घराणं ठराविक गोंड कुळांशी जोडलेलं असतं. देव कसे जन्मले, कुळं कशी फुटली, कोण कुठून कुठे गेलं, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ असतं आणि किकरीच्या साथीने ते गाऊन सांगतात. परधानाशिवाय मोठी पूजा पार पडत नाही. आणि आदिलाबादच्या परधानांची मातृभाषा मराठी आहे. गोंडांच्या महाकथा ते गोंडीत गातात आणि त्यात मराठी मिसळलेली असते.

हे थोडं थांबून लक्षात घ्यायला हवं. सीमेवरच्या मराठी माणसाला नेहमी वाटत असतं की आपली मराठी पातळ होत चालली आहे. मुलं तेलुगू शाळेत जातात, पुढे हैदराबादला, बंगळूरला. मराठी जपायची तर पुण्या-मुंबईकडून पुस्तकं मागवावीत, नाटकं बोलवावीत असं आपण ठरवतो. ते करायलाच हवं. पण आपल्या तासाभराच्या अंतरावर मराठी ही एका दुसऱ्या समाजाची स्मृती सांभाळण्याचं काम किती पिढ्यांपासून करते आहे, हे आपल्यातल्या कितीजणांनी ऐकलं आहे? ज्या भाषेत आपण 'कसं काय, बरं आहे का' म्हणतो, तिच्यातच एक माणूस वडाखाली बसून हजारो लोकांना त्यांचे पूर्वज सांगतो आहे. त्याच्यासमोर बसून ऐकणारं मराठी मूल तिथे निव्वळ पर्यटक उरत नाही.

आणि यात जोखीमही आहे. तोंडपाठ असलेली गोष्ट ऐकणाऱ्यावर जगते. गोंड मुलंही आता वसतिगृहात राहून तेलुगू-इंग्रजीत शिकतात, परधानांची मुलंही नोकरीला जातात. कथा सांगणाऱ्याला पुढ्यात बसलेली माणसं दिसली नाहीत तर तो सांगणार कुणाला? आपण गेल्याने ती परंपरा वाचेल असं मी म्हणत नाही, ती राखणारे राखतातच. पण आपली भाषा बोलणारा एक कलावंत शेजारी गातो आहे आणि आपण त्याला ओळखतही नाही, ही गोष्ट बरी नव्हे.

देवनागरीचाही इथे एक धागा आहे. 1940 च्या दशकात जैनूर मंडलातल्या मारलवाई गावात गोंड मुलांसाठी शाळा आणि शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत केली गेली. नारनूर मंडलातल्याच गुंजाला गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं मिळाली. 2018 पासून ही गुंजाला गोंडी लिपी संगणकावर, युनिकोडमध्येही आहे. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

दरबार

जत्रेत एक दिवस दरबार भरतो. जिल्हाधिकारी, इतर अधिकारी, लोकप्रतिनिधी मांडवात बसतात आणि गोंड, कोलाम, परधान, थोटी समाजाची माणसं आपली गाऱ्हाणी मांडतात. रस्ता नाही, पाणी नाही, जमिनीचा कागद अडला आहे. देवाच्या जत्रेत सरकारी दरबार कसा आला, याची गोष्ट सांगायला थोडं मागे जावं लागेल.

निजामाच्या राजवटीत जंगलखात्याचा आणि सावकारांचा जाच वाढला तेव्हा कोमरम भीम यांनी जल, जंगल, जमिनीच्या हक्कासाठी लढा उभारला. 1940 साली जोडेघाटला ते मारले गेले. त्यानंतर हा असंतोष का पेटला हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला या भागात काम करायला सांगितलं. ते पत्नी बेटीसह मारलवाईत गोंडांमध्ये राहिले. दरबाराची प्रथा त्यांच्याच पुढाकाराने 1940 च्या दशकात सुरू झाली. विचार साधा होता. डोंगरातला माणूस कचेरीत जायला बिचकतो, पण नागोबाला तो येतोच. मग कचेरीनेच नागोबाला यावं. बेटी 1987 साली गेल्या आणि मारलवाईत त्यांची समाधी आहे. हायमेनडॉर्फ 1995 साली गेले. त्यांची स्मृतीही तिथेच पत्नीशेजारी जपलेली आहे.

योकमोकच्या बाजाराची इथे आठवण होते. तिथे राजाने लोकांना बोलावलं ते कर घेण्यासाठी. इथे सरकार लोकांच्या जत्रेत आलं ते त्यांचं ऐकून घेण्यासाठी. ऐकलेलं सगळं पार पडतंच असं नाही, हे तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं. तरीही दरवर्षी ते उभे राहून आपलं म्हणणं मांडतात. केस्लापूरला जाताना इंद्रवेल्लीत एक उंच स्तंभ दिसेल. 20 एप्रिल 1981 रोजी तिथे जमलेल्या गोंडांवर पोलीस गोळीबार झाला, त्याचं ते स्मारक आहे. मोठ्या मुलांना तिथे दोन मिनिटं थांबवून हे सांगा. जत्रेतला आकाशपाळणा आणि हा स्तंभ एकाच रस्त्यावर आहेत, आणि मुलांनी दोन्ही पाहावेत.

जायचं ठरलं तर

तारीख: जत्रा पौष अमावास्येला सुरू होते आणि साधारण आठवडाभर गजबजलेली असते. 2026 साली ही अमावास्या 18 जानेवारीला, तर 2027 साली 6 फेब्रुवारीला. संक्रांतीची सुट्टी आणि जत्रा यांचा मेळ प्रत्येक वर्षी बसत नाही, म्हणून पंचांग बघून रजा टाका.

रस्ता: हैदराबादहून आदिलाबाद सुमारे 300 किलोमीटर, नागपूरहून सुमारे 200. दोन्हीकडून महामार्ग चांगला आहे. मुंबई-नांदेडकडच्यांना किनवटमार्गे आदिलाबादला येणारी नंदीग्राम एक्सप्रेस सोयीची. महामार्गावर गुडिहत्नूरला उटनूरच्या दिशेने वळायचं आणि मुत्नूरवरून आत केस्लापूरला जायचं. जत्रेच्या दिवसांत जादा बस असतात. गर्दीच्या दिवशी गाडी लांब लावावी लागते, तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील तर अमावास्येनंतरचा एखादा दिवस निवडा.

सोबत: स्वेटर, मफलर, कानटोपी हवीच, रात्र फार गार असते. पाण्याच्या बाटल्या घरून न्या आणि रिकाम्या बाटल्या घरीच परत आणा. राहायला आदिलाबाद किंवा उटनूर बरं.

वागणं: हा भाग सर्वांत महत्त्वाचा. मेश्राम कुळाचे विधी त्यांचे आहेत. काही ठिकाणी बाहेरच्यांनी जायचं नसतं, तिथे दुरून हात जोडावेत. सुनांच्या भेटीच्या वेळी आणि वडाखालच्या विधींच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवा. कुणाचाही फोटो काढण्याआधी विचारा. भेटलात तर 'राम राम' म्हणा, तो इथे सगळ्यांना चालतो. परधान गात असतील तर उभ्याउभ्या चित्रीकरण करून निघू नका. चटईच्या कडेला बसा, थोडा वेळ ऐका, जमेल तशी बिदागी द्या. आपल्या घरी कुणी कीर्तनाला आलं तर कसं वागावं अशी आपली अपेक्षा असते, तसंच.

जोडून काय बघाल: बाजारहत्नूर मंडलात गिरनूरजवळ कनकाईचा धबधबा आहे. थोडं रान तुडवत जावं लागतं, पण मुलं खूश होतात. बोथ मंडलातला पोचेरा धबधबा आणि नेरडिगोंड्याजवळचा कुंतालाही जवळच. जानेवारीत पाणी कमी असतं, पण खडकांवर बसून डबा खायला हीच वेळ चांगली. पाण्यात मात्र उतरू नका, डोह खोल आहेत.

आणि ज्यांना याहून मोठं काही पाहायचं असेल, त्यांनी मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा ध्यानात ठेवावी. मुलुगू जिल्ह्यातल्या जंगलात दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमारास ती भरते. देवीला आपल्या वजनाइतका गूळ वाहतात आणि त्या गुळाला 'बंगारम' म्हणजे सोनं म्हणतात. गर्दी मात्र अफाट, तेव्हा लहान मुलांना घेऊन आधी केस्लापूर करा, मेडारम मागाहून.

मुलांना काय मिळतं?

साप्पोरोच्या बर्फाचा राजवाडा मुलांनी एकदा पाहावाच. पैसे जमले की जरूर जा. तिथे मुलं थक्क होतील, फोटो काढतील आणि परत येतील. केस्लापूरला थक्क होण्यासारखं झगमगीत काही नाही. धूळ आहे, धूर आहे, रांग आहे. पण तिथे मुलाला कुणीतरी विचारतं, "कुठचा रे तू? कुणाचा?" आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. गाव सांगावं लागतं, आडनाव सांगावं लागतं, आजोबांचं नाव सांगावं लागतं. पुण्याच्या त्या दहा वर्षांच्या पुतण्याला आजोबांच्या पलीकडचं नाव आलं नाही, तेव्हा किकरीवाले आजोबा म्हणाले, "घरी जाऊन विचार. पुढच्या वर्षी सांग मला."

त्या रात्री त्याने खरंच आजीला विचारलं. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आपली जमीन कुठे होती, किनवटकडचे नातेवाईक कोण. आजी कितीतरी वेळ सांगत राहिली. त्याने ते शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. सहा नावं झाली.

आता त्याला पुन्हा यायचं आहे. आजोबांना ती नावं सांगायची आहेत, तीही न बघता.